शिंजिराची वही

माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं की, मी शाळेत विज्ञान शिकवण्याऐवजी पोलिसात गेले असते तर हैदराबादच्या मलकपेठेत एकही चोरी पचली नसती. हिम्मतराव हे कौतुकानं म्हणत नाहीत. दुधात बोट बुडवून पाणी किती ते मी सांगते. आमच्या कुंपणावरची जास्वंद रोज पहाटे कोण तोडतं, हे मी रस्त्यात सांडलेल्या कळ्यांच्या मागावर जाऊन शोधलं होतं, आणि त्या कळ्या आमच्याच घरी भजनाला येणाऱ्या बाईच्या दारात जाऊन थांबल्या होत्या. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. मी पाणीसुद्धा फुंकून पिते.

या स्वभावाचा एकच चांगला उपयोग मी केला होता, तो म्हणजे माझी वही. त्र्याहत्तर साली आम्ही हे घर घेतलं, तेव्हापासून रोज सकाळी मागच्या खोलीच्या खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसायचं आणि दिसेल ते लिहायचं. शेवग्याला फुलोरा कधी आला, सीताफळाच्या फांदीवर पांढरी कीड कधी चढली, कोतवाल पक्षी कुठे बसला आणि किती वाजता. दर वर्षाची एक वही. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं एकच नियम: पाहिलं तेच लिहायचं, न पाहिलेलं लिहायचं नाही. शाळेतल्या मुलींनाही मी हेच शिकवलं. एकीनं बेडकाबद्दल काहीतरी न पाहताच लिहिलं म्हणून तिला तासभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. आता वाटतं, त्या पोरीनं बेडकाचं तरी काही बिघडवलं नव्हतं.

खिडकीसमोर आमची चार हात मोकळी जागा, मग छातीएवढी भिंत, आणि भिंतीला लागून कनीज आपांचा जिना. गच्चीवर जाणारा, बाहेरून, उघडा. त्यामुळे माझ्या खुर्चीतून झाडं बघायची तर त्यांचा जिना दिसायचाच. आपा माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, पण सगळी गल्ली त्यांना आपा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. त्या मला टीचरम्मा म्हणत. त्यांचे यजमान मुस्तफासाहेब रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्या दाराशी काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत त्यांचं नाव होतं, इंग्रजीत आणि उर्दूत.

आपा पहाटेच्या नमाजाला उठायच्या, त्यामुळे पाखरं त्यांना माझ्याआधी दिसायची. मी खुर्चीत बसले की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "टीचरम्मा, आज दो तोते आये थे जाम पे. लिख लेव." जाम म्हणजे त्यांच्या अंगणातला पेरू.

मी म्हणायचे, "मी नाही पाहिले. मी नाही लिहिणार."

"अरे मैं देखी ना! झूट बोलतूं क्या मैं?"

"तुम देखे, तो तुम लिखो."

त्या हसायच्या. एकोणीस वर्षं हे चाललं होतं, आणि एकोणीस वर्षांत आपांनी पाहिलेली एकही गोष्ट मी वहीत घेतली नाही. त्याचा मला अभिमान होता.

ब्याण्णव सालच्या दिवाळीत गल्लीत केबल आली. देश खुला झाला म्हणत होते. दुकानात नवे साबण, नवे शीतपेय, आणि आमच्या डोक्यावरून जाणारी काळी वायर. केबलवाल्यानं आमच्या घरातून आपांच्या घरात वायर नेली आणि उरलेली चार-पाच वेढे करून त्यांच्या जिन्याच्या कठड्यापाशी खुंटीला अडकवून ठेवली. वीस नोव्हेंबरला, शुक्रवारी, त्या वेढ्यावर शिंजीर घरटं बांधायला लागली.

शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी. नर जांभळा-तांबडा झगमगतो, मादी बापडी मातकट. बांधकाम सगळं मादीनंच करायचं, नर नुसता शेजारी बसून गातो. हे मी हिम्मतरावांना वाचून दाखवलं तेव्हा ते पेपरात तोंड घालून बसले. घरट्याची गंमत अशी की ते घरट्यासारखं दिसतच नाही. कोळ्याचं जाळं, सालीचे तुकडे, सुकी पानं, अळ्यांची विष्ठा असलं काय काय चिकटवून ती एक लोंबता केरकचऱ्याचा गुंता करते. मांजरानं, कावळ्यानं पाहिलं तरी त्याला वाटावं, कुणीतरी झाडून टाकलेलं अडकलंय. घर असं बांधायचं की कुणाला घर वाटू नये.

आपा त्याला शक्करखोरा म्हणायच्या. केबलवाला वायर ओढून घ्यायला आला तेव्हा त्यांनी त्याला जिन्याच्या पहिल्या पायरीवरच अडवलं. "हात नक्को लगाओ. बच्चे होने दो, फिर ले जाना तुम्हारी तार." आणि मला भिंतीवरून म्हणाल्या, "देखे क्या टीचरम्मा, हमारे घर को आयी. तुम्हारी तरफ इत्ते झाडां हैं, फिर भी इधरीच आयी."

मला जरा लागलंच ते.

चार डिसेंबरला मादी अंड्यांवर बसली. सहा तारखेला रविवार होता. दुपारपासून त्याच वायरीतून ती चित्रं आमच्या घरात यायला लागली. घुमट, घुमटावर चढलेली माणसं, धूळ. सरकारी वाहिनी काही सांगत नव्हती, परदेशी वाहिनी तेच तेच पुन्हा दाखवत होती. हिम्मतराव उभ्यानंच बघत होते. "हे आता आपल्या दारापर्यंत येणार," एवढंच म्हणाले. सोमवारी कर्फ्यू लागला.

आता माझ्या घरचं थोडं सांगायला हवं. माझं माहेर परभणीकडचं. शेती होती, निजामाच्या राज्यात होतो. अठ्ठेचाळीस साली रझाकारांनी आमच्या कडब्याच्या गंजी पेटवल्या तेव्हा मी सहा वर्षांची होते. वडील मरेपर्यंत रात्री दाराचा अडसर तीनदा हलवून बघायचे. आमच्या घरात ही भीती भाकरीबरोबर वाढली जायची. आपा उदगीरकडच्या. त्याच वर्षी, फक्त दोन-अडीच महिन्यांनंतर, पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी त्या आईच्या कडेवर बसून हैदराबादला पळून आल्या. त्यांचे वडील मागे राहिले ते राहिलेच. लहानपणी कानांवर पडलेलं म्हणून मराठी त्यांना ऐकून कळायचं, वाचता येत नव्हतं. हे दोन्ही आम्हाला एकमेकींबद्दल ठाऊक होतं. एकदाच बोललो होतो, सीताफळं निवडता निवडता, आणि मग पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

कर्फ्यूत गल्लीत अफवांना ऊत आला. पाण्याच्या टाकीत विष घातलं, दुधात घातलं, गच्च्यांवर दगड साठवलेत. मी हसायचे. टाकीत पाणी किती, त्याला विष किती पोती लागेल, हिशेब करा म्हणायचे. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणारी मी नव्हे. माझी फसगत झाली ती डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर.

दहा तारखेला मुस्तफासाहेबांच्या दारावरची पाटी नाहीशी झाली. चार खिळ्यांची भोकं तेवढी उरली. मी वहीत लिहिलं, "समोरची पाटी काढली." हात थांबला, कारण असलं मी कधी लिहीत नसे. पण मी ते पाहिलं होतं. मग तेरा तारखेला, कर्फ्यूला दोन तासांची ढील मिळाली तेव्हा, त्यांच्याकडे सात-आठ माणसं आली. दोन बायका, मुलं, तीन तरुण. तेही लिहिलं. मादी सहा चाळीसला बाहेर गेली, सहा बावन्नला परत आली; जिन्यावर अनोळखी तरुण, दाढी, गच्चीवर गेला, सात पाचला उतरला. एकाच पानावर, एकाच शाईत. पक्ष्याचं लिहिता लिहिता माणसांचं कधी सुरू झालं, ते माझं मला कळलं नाही.

संदेशनं, म्हणजे आमच्या मुलानं, पुण्याहून आणलेली दुर्बीण होती माझ्याकडे. तीही मी वापरायला लागले. तो फोनवर सांगत होता, "आई, तुम्ही दोघं इकडे निघून या काही दिवस." मी म्हटलं, अंडी आहेत, कशी येऊ? आणि हे खोटं नव्हतं. पण अर्धंच खरं होतं. मला समोर काय चाललंय ते बघायचं होतं.

सोळा तारखेला, बुधवारी सकाळी, ते तरुण पोती घेऊन जिना चढले. एका पोत्याला दोघं, आणि तरी दम लागत होता. तिसऱ्या पोत्याच्या वेळी पाय घसरला आणि पोतं कठड्यावर आपटलं. लोखंडाचा आवाज झाला, घण घातल्यासारखा. मादी घरट्यातून बाणासारखी सुटली. आपा वरून दबक्या आवाजात ओरडल्या, "आहिस्ता! आहिस्ता!" आणि त्यांनी माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी पडद्यामागे झाले.

वडिलांचा अडसर आठवला, गंजी आठवल्या. मी लिहिलं: "६.५०. पोती चार. जड. लोखंड. हत्यारं?"

हिम्मतरावांना दाखवलं. वीज मंडळात त्यांनी तीस वर्षं नोकरी केली, स्वभाव थंड. वाचून म्हणाले, "तुला विचारायचं तर भिंतीवरून हाक मार. पोत्यात काय आहे म्हणावं."

"सांगतील का खरं?"

"मग गप्प बस. साप साप म्हणून भुई धोपटू नकोस."

एका हाकेचं अंतर होतं. त्या भिंतीवरून मी मीठ मागितलं होतं, शिडी मागितली होती, एकदा आजारी पडले तेव्हा आपांकडून दोन महिने पेज मागवली होती. त्या आठवड्यात एवढं एक वाक्य मला मागता आलं नाही. याची लाज मला आजही वाटते, आणि ती वाटते म्हणूनच हे लिहितेय.

अठरा तारखेला प्रतापराव आले. दोन घरं सोडून राहायचे, आमच्याकडचेच, मराठवाड्यातले, सरकारी गोदामातून निवृत्त. गल्लीच्या रक्षणाची समिती म्हणून काहीतरी त्यांनी काढलं होतं, त्यात ते अध्यक्ष, आणि बाकीचे त्यांना घाबरून सभासद. खिशात छोटी डायरी.

"पद्मावतीबाई, तुमच्या मागच्या खिडकीतून त्यांचा जिना दिसतो म्हणे. काही हालचाल?"

हिम्मतराव आतून म्हणाले, "तिला पाखरं दिसतात फक्त."

तिथे मी गप्प बसले असते तर ही गोष्ट झाली नसती. पण "फक्त पाखरं" हे मला झोंबलं. मी वही आणली आणि वाचून दाखवलं. तारीख, वार, वेळ, माणसं किती, पोती किती, आवाज कसला. मधली शिंजिराची वाक्यं गाळून. प्रतापराव भराभर उतरवून घेत होते. माझी शंका त्यांनी खात्री म्हणून उतरवली, ते मला दिसत होतं. मी बोलले नाही.

"बाई, अशी वही ठाण्यातसुद्धा नसेल," ते उठता उठता म्हणाले.

मला बरं वाटलं. हे सांगायला नको होतं, पण तसं झालं खरं. एकोणीस वर्षांत माझी वही कुणी मागून ऐकली नव्हती.

एकोणीस तारखेला अंडी फुटली. नर-मादी दोघं अळ्या, कोळी आणायला लागली. आपा भिंतीशी आल्या, डोळ्यांखाली काळं झालेलं. "दो हैं, टीचरम्मा. मैं सीढी पे से झांकी. दो चोंच दिखे. शक्करखोरे को अल्ला शक्कर देताच. लिख लेव." त्या दिवशी मी रोजचं उत्तर दिलं नाही. नुसती मान हलवली. त्यांना वाटलं असेल, दंग्याची भीती बसलीय मला.

बावीस तारखेला, मंगळवारी सकाळी आठला, त्यांच्या दाराशी पोलिसांची जीप थांबली.

मी खिडकी लावून घेतली. कडी घातली, पडदा ओढला, आणि स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ निवडत बसले. निवडलेलेच तांदूळ. बुटांचे आवाज येत होते, जिन्यावर वर-खाली, वर-खाली. मध्येच काहीतरी जिन्यावरून गडगडत खाली आलं. एक बाई रडत होती, आपा नव्हत्या. साडेअकराला जीप गेली. मी तोवर एकदाही खिडकीशी गेले नाही. जे मी स्वतः घडवून आणलं होतं, ते पाहायची माझी छाती झाली नाही.

हिम्मतराव दुपारी त्यांच्याकडे जाऊन आले. पायांतल्या चपला न काढताच मला म्हणाले, "शिलाई मशिनी. आठ मशिनींची मुंडकी, पोत्यात गुंडाळलेली. आपांच्या भाच्याचं शिलाईचं दुकान होतं पुलापलीकडे. शेजारचं दुकान जळलं, तेव्हा ह्याचं कुलूप तुटायच्या आत मशिनी उचलून आणल्या त्यांनी. एक मशीन पोलिसांच्या हातून जिन्यावरून पडली, तुटली. झालं समाधान?"

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या तांदळाचा भात मात्र जेवले.

खिडकी मी उघडली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही. वही उघडायची, तारीख घालायची आणि मिटायची. मला एकच प्रश्न खात होता: आपांना कळलंय का? गल्लीत भेटल्या तर सलाम करायच्या, मी नमस्कार करायचे. त्यांच्या चेहऱ्यावरून मी काही शोधून काढू शकले नाही, आणि शोधून काढणं हा तर माझा धंदा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तशी माझी गत. भांड्याचा आवाज झाला तरी वाटायचं, आल्या. प्रतापराव एकदा दारावरून जाताना हसून मान डोलावून गेले, तेव्हा त्यांच्या अंगावर तांब्या फेकावासा वाटला. पण तांब्या भरून तर मीच दिला होता.

दहा जानेवारीला, रविवारी, त्यांच्या दारात टेम्पो लागला. जुन्या शहरात, याकुतपुऱ्यात मुस्तफासाहेबांच्या भावाच्या शेजारी घर मिळालं होतं. सामान निम्मं चढल्यावर आपा एकट्याच आमच्याकडे आल्या. मी मागच्या खोलीत होते. त्या थेट तिथे आल्या आणि माझ्या वेताच्या खुर्चीत बसल्या. हिम्मतरावांनी चहा आणून ठेवला आणि ते बाहेर गेले.

"खिडकी कायकु बंद?" आपांनी विचारलं.

"थंडी," मी म्हटलं.

त्या थोडा वेळ बंद खिडकीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एक बात बोलतूं, हँसना नक्को. हमारे भांजे की दुल्हन बोलती, सामनेवाली बाई सब लिखती रहती, दुर्बीण लगाको देखती रहती, उनीच बोली होंगी पुलिस कु. मैं उसकु ऐसा डांटी, ऐसा डांटी! मैं बोली, उनो चिडियां लिखती. उनीस साल से लिखती. मेरी देखी हुई चिडिया तक नै लिखती, झूट कायकु लिखिंगी?"

मी चहाचा कप उचलला आणि पुन्हा ठेवला.

"अब जारी मैं," आपा म्हणाल्या. "इत्ते साल तुम्हारी वही की बातां सुनी, वही नै सुनी. हमारे शक्करखोरे का पढको सुनाओ. पढना नै आता मेरेकु मराठी, सुनी तो समजती."

मी वही काढली. वीस नोव्हेंबरपासून सुरुवात केली. पहिली काडी, पहिलं जाळं, नर नुसता गातो. त्या हसल्या. मान डोलावत ऐकत होत्या, शाळेतल्या मुलीसारख्या. मी वाचत गेले. डिसेंबर आला. दहा तारखेची पाटी मी गाळली. तेरा तारखेची माणसं गाळली. वाक्यं गाळायची मला सवय झाली होती, फक्त या खेपेला उलटी वाक्यं. सोळा तारीखही गाळली. एकोणीस: "अंडी फुटली." वीस, एकवीस: नर किती वेळा आला, मादी किती वेळा.

आणि मग बावीस. पानावर तारीख होती. खाली काही नव्हतं.

"या दिवशी काही लिहिलं नाही" म्हणावं तर त्या विचारतील, का? तापाचा दिवस सोडला तर माझी वही कोरी कधी नसते, हे त्यांना ठाऊक होतं. आणि मी कोऱ्या पानाकडे बघून वाचलं, "मंगळवार. सकाळी आठ वीस. मादी आली, चोचीत कोळी. नऊ वाजता नर आला. दोन्ही पिल्लांना भरवलं."

मी मान वर केली नाही. बाहेर टेम्पोत कुणीतरी पलंग चढवत होतं.

"टीचरम्मा," त्या अगदी हळू म्हणाल्या, "उस दिन तो उनो आयीच नै. वर्दीवाला खडा था ना सीढी पे, घोंसले के बाजूच. आठ से साढेग्यारा. दोनों तार पे बैठको चिल्लाते थे, नजदीक नै आये. मैं दरवाजे में सेच देखती खडी थी. मेरेकु मशीन का इत्ता नै लगा."

त्यांनी हात पुढे केला. मी वही दिली. त्यांनी पान पाहिलं, मग पुढचं उलटलं, मग त्याच्या पुढचं. सगळी कोरी. मराठी वाचता येत नसलं तरी कोरं पान कुणालाही वाचता येतं. मग त्यांनी खिडकीच्या कडीकडे पाहिलं, तिच्यावर अठरा-वीस दिवसांची धूळ होती.

मी वही त्यांच्या हातातून घेतली आणि मागे उलटली. सोळा तारखेवर आले आणि वाचलं. सगळं वाचलं. तरुण किती, पोती किती, जड, लोखंड. "हत्यारं?" हेही वाचलं. मग तेरा तारीख वाचली. मग दहा तारखेची पाटी. शेवटी म्हणाले, "प्रतापरावांना मीच वाचून दाखवलं. ते मागायला आले, आणि मी दिलं. मला विचारता आलं असतं तुम्हाला. मी नाही विचारलं."

आपा ऐकत होत्या तशाच बसून होत्या. रडल्या असत्या, ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या चहाच्या सायीकडे बघत होत्या. मग त्यांनी ओढणी डोक्यावरून नीट घेतली आणि उठल्या.

दाराशी थांबल्या. "बच्चे कित्ते उडे, मालूम?"

"नाही," मी म्हटलं. "खिडकी बंद होती."

"एक," त्या म्हणाल्या. "दूसरा उसीच दिन ठंडा पड गया, भूक से. मैं जाम के नीचे गाडी. एक उडा, तीन तारीख कु, फजर के बाद." आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लिख लेव."

टेम्पो गेल्यावर हिम्मतराव आत आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता दोन्ही कप उचलून नेले. आपांचा कप भरलेलाच होता. मी कडी काढली. कडी जड गेली. समोर जिना रिकामा होता, तिसऱ्या पायरीचा टवका उडालेला, आणि केबलच्या वेढ्यावर कचऱ्यासारखं ते घरटं वाऱ्यानं हलत होतं. मी खुर्चीत बसले. नव्या वर्षाची वही उघडली, तीन जानेवारीचं पान काढलं आणि लिहिलं, "पहाटे. एक पिल्लू उडालं. दुसरं बावीस डिसेंबरला मेलं. कनीज आपांनी पाहिलं."

मी ते पाहिलं नव्हतं.